उद्यमनगरातल्या फौंड्रीचं माहितीपत्रक आणि इंग्रजीतली 'सुरुवात'

कोल्हापूरच्या उद्यमनगरात नवी फौंड्री काढलेल्या भाचीला इंग्रजी माहितीपत्रक करायचं होतं. "मामा, 'सुरुवात' या अर्थाचा नेमका कुठला शब्द घालू?" असं तिनं विचारलं. तुम्हीही याच पेचात असाल तर तिला जे सांगितलं तेच सांगतो.

'स्टार्ट' आणि 'बिगिन' बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या जागी चालतात. पण यंत्र आणि गाडी फक्त 'स्टार्ट' होते. लेथ 'बिगिन' झाला असं कुणी म्हणत नाही. शंका असेल तिथं 'स्टार्ट' घ्या. 'कमेन्स' फ्रेंचमधून आलेला, करारात आणि टेंडरमध्ये शोभणारा. साखर कारखान्याच्या करारात गळीत हंगाम 'कमेन्स' होऊ दे, पण मोळी टाकण्याच्या निमंत्रणावर 'इनॉग्रेशन'च हवं. त्या शब्दाच्या मुळाशी पक्ष्यांच्या उडण्यावरून शकुन पाहणारे रोमन पुरोहित आहेत, म्हणून समारंभ आणि मुहूर्त असेल तिथं तो बसतो. शिवाजी विद्यापीठाचं १९६२ साली 'इनॉग्रेशन' झालं. तेव्हापासूनच्या वाटचालीबद्दल लिहायचं तर 'सिन्स इन्सेप्शन'.

खरी गफलत होते 'ऑनसेट'मध्ये. ही सुरुवात कुणी करत नाही, ती येऊन ठेपते. केरळात मान्सूनचा 'ऑनसेट' सर्वसाधारणपणे १ जूनला धरतात. थंडीचा, मधुमेहाचाही 'ऑनसेट' असतो. कारखान्याचा मात्र कधीच नाही. 'आउटसेट' दिसायला त्याचा भाऊ, पण तो 'अगदी सुरुवातीलाच' एवढ्याच अर्थाचा.

आता बाल्यावस्थेचे शब्द. बाबूराव पेंटर इथं मूकपट काढत होते तेव्हा भारतातला चित्रपटधंदा 'नेसंट' होता, म्हणजे नुकता जन्मलेला. हा शब्द अख्ख्या क्षेत्राला लावावा. 'इन्सिपियंट' बहुधा नको असलेल्या गोष्टीला लागतो: कास्टिंगमध्ये नुकती पडू लागलेली चीर, नुकता जडू लागलेला आजार. 'बडिंग' माणसाला, तोही उमेदवारीतला: तालमीतला होतकरू पोरगा 'बडिंग रेसलर'. योजना अजून कागदावरच असेल तर 'एम्ब्रियॉनिक'. आणि 'फ्लेजलिंग' म्हणजे पंख फुटलेलं, उडायला शिकणारं पिल्लू. नव्या कंपनीला तो अगदी चपखल बसतो.

भाचीला तोच आवडला. माहितीपत्रकात ठेव म्हटलं, पण बँकेच्या कर्जाच्या अर्जात नको. तिथं पिल्लू दिसलं की तारण किती, हाच प्रश्न आधी येतो. अर्जात सरळ 'एस्टॅब्लिश्ड' आणि पुढं साल लिही.