लुमेन फील्ड, सिॲटल : मोठ्या वाड्यातले फुटबॉलचे बिऱ्हाड

अमेरिकेतल्या सिॲटलच्या लुमेन फील्डवर साउंडर्स या फुटबॉल संघाचा सामना पाहायला जावे का, असे कोणी विचारले तर मी बिनदिक्कत ‘जा’ म्हणेन. मात्र एखाद्या शहरात नव्याने उभ्या राहणाऱ्या व्यावसायिक फुटबॉल संघाने अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात भागीदारीने राहावे का, असे विचारले तर उत्तर द्यायला मला थोडी जागा लागेल, आणि ती मी या परीक्षणात घेणार आहे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात. या लेखात नुसते ‘फुटबॉल’ म्हटले की तो आपला, पायाने खेळायचा फुटबॉल समजावा.

या मैदानाची गोष्ट मतपेटीपासून सुरू होते. सीहॉक्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ शहर सोडून जातो की काय अशी परिस्थिती असताना मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी तो विकत घेण्याची तयारी दाखवली, परंतु नवे मैदान उभे राहिले पाहिजे ही त्यांची अट होती. १७ जून १९९७ रोजी वॉशिंग्टन राज्यभर सार्वमत झाले आणि जेमतेम ५१ टक्के मतांनी प्रस्ताव मंजूर झाला. सुमारे ४३ कोटी डॉलरच्या खर्चापैकी ३० कोटींपर्यंतचा भार जनतेच्या पैशावर पडणार होता. इतक्या निसटत्या निकालात फुटबॉलप्रेमींची मते मोलाची होती, आणि मैदान दोन्ही खेळांना साजेसे बांधले जाईल या शब्दावर त्यांनी ती दिली होती. मला वाटते, या वास्तूचे सगळे गुण त्या एका शब्दात आहेत. २००२ साली मैदान खुले झाले, तेव्हा मेजर लीग सॉकर या अमेरिकेतल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचा संघ सिॲटलला मिळालेलाही नव्हता. तो खेळायला उतरला १९ मार्च २००९ रोजी. त्या पहिल्याच सामन्याला ३२,५२३ लोक आले आणि साउंडर्सनी न्यूयॉर्कच्या संघाला ३-० असे हरवले. म्हणजे येणाऱ्या पाहुण्यासाठी खोली सात वर्षे आधीच बांधून ठेवलेली होती.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बाबांना घेऊन तेथे गेलो. बाबा कोल्हापूरचे, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचे सामने पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे फुटबॉलच्या बाबतीत त्यांना उगाच काही आवडत नाही. आम्ही लाइट रेलने आलो. स्टेशनापासून मैदान पायी काही मिनिटांवर आहे आणि शहराचा जुना भाग, पायोनियर स्क्वेअर, अगदी शेजारी. सामन्याआधी साउंडर्सचे पाठीराखे तेथून मिरवणुकीने मैदानाकडे निघतात. निळे-हिरवे मफलर दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरलेली ती गर्दी पाहून बाबा फुटपाथवर थांबले आणि म्हणाले, “हे तर आपल्या पेठेगत आहे की रे!” शहराच्या मध्यभागी मैदान असण्याचा अर्थ मला त्या क्षणी जितका कळला, तितका कोणत्याही आकडेवारीने कळला नसता. एक व्यावहारिक सूचना येथेच देतो : आत फक्त पारदर्शक पिशवी नेता येते, तेव्हा नेहमीची शबनम किंवा पाठपिशवी घरीच ठेवावी.

आत गेल्यावर मी सर्वांत आधी पाहिली ती मैदानाची रुंदी, कारण भागीदारीचा खरा पेच तेथेच पडतो. अमेरिकन फुटबॉलचे मैदान १६० फूट रुंद असते, तर आंतरराष्ट्रीय दर्जाच्या फुटबॉलला किमान २१० फूट लागतात. पहिल्या रांगा १६० फुटांच्या हिशेबाने पुढे आणल्या असतील तर फुटबॉलला दोनच वाटा उरतात : मैदान अरुंद करायचे, किंवा कोपऱ्यातल्या रांगा काढून टाकायच्या. अरुंद मैदानावर विंगरला, म्हणजे कडेने धावणाऱ्या खेळाडूला, पळायला जागा राहत नाही, बचाव करणाऱ्यांचे फावते, आणि आपण पैसे देऊन गर्दीच्या वेळच्या गल्लीतला खेळ पाहतो. लुमेन फील्डवर ही अडचण मुळातच टाळली आहे. कॉर्नर घेणाऱ्या खेळाडूला मागे सरकायला पुरेशी जागा होती, आणि आम्ही पाहिलेल्या सामन्याला यार्डांचे आकडे किंवा दुसऱ्या खेळाच्या रेघा हिरवळीवर कोठेही नव्हत्या. ज्याने फक्त हाच सामना पाहिला असेल, त्याला येथे दुसरे बिऱ्हाड राहते याची शंकाही येऊ नये, अशी ही व्यवस्था आहे.

आसनांचा प्रश्न त्याहून सोपा करून टाकला आहे. पूर्ण मैदानात सुमारे ६९,००० माणसे बसतात. साउंडर्सच्या नेहमीच्या सामन्याला वरचा मजला बंद ठेवून ही संख्या सुमारे ३७,७०० वर आणली जाते. रिकामा मजला डोळ्यांना खुपेल अशी मला भीती होती, पण पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या मोठ्या कमानदार छपरांमुळे आवाज बाहेर न जाता खाली वळतो आणि खालचा भाग भरलेलाच वाटतो. याच छपरांखाली २०१३ साली सीहॉक्सच्या पाठीराख्यांनी १३७.६ डेसिबलचा विश्वविक्रम केला होता. एका बाजूने ‘सिॲटल’ आणि समोरून ‘साउंडर्स’ अशी हाळी उठली की बोलणाऱ्या शेजाऱ्याचे फक्त ओठ दिसतात. शिवाय गरज पडेल तेव्हा वरचा मजला उघडता येतो, हा भागीदारीचा मोठाच लाभ आहे. लीगच्या २०१९ च्या अंतिम सामन्याला येथे ६९,२७४ लोक होते. साउंडर्सनी टोरँटोला ३-१ असे हरवून करंडक घरच्या मैदानावर उचलला. स्वतःचे वीस-पंचवीस हजारांचे मैदान असते तर त्यातल्या चाळीस हजारांहून अधिक लोकांनी तो क्षण घरी बसून पाहिला असता.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. रेन हा महिलांचा संघही येथेच खेळतो. मेगन रॅपिनो या अमेरिकेच्या गाजलेल्या खेळाडूच्या निरोपाच्या सामन्याला २०२३ मध्ये ३४,१३० प्रेक्षक आले होते, परंतु त्यांची रोजची गर्दी त्याच्या जवळपासही नसते. एवढ्या थोड्या लोकांसाठी हा वाडा फार मोठा आहे. नव्या संघाने आपल्याकडे सुरुवातीला किती माणसे येतील याचा प्रामाणिक अंदाज घेतल्याशिवाय अशा घरात पाऊल टाकू नये.

आता गवताविषयी, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. लुमेन फील्डवर कृत्रिम गवत आहे. अमेरिकन फुटबॉलच्या धिप्पाड खेळाडूंनी रविवारी उखडलेली हिरवळ सिॲटलच्या पावसाळी हवेत पुढच्या सामन्यापर्यंत सावरणे अवघड, म्हणून हा मार्ग पत्करला जातो. कारण मला समजते, परंतु खेळावर होणारा परिणाम मला मान्य नाही. पहिल्या दहा मिनिटांतच बाबा पुढे वाकून चेंडूच्या टप्प्याकडे पाहू लागले. मधल्या फळीतून उजवीकडे टाकलेला एक लांब पास टप्पा पडल्यावर थबकला नाही. तो घसरत जाऊन थेट रेषेबाहेर गेला आणि धावणारा खेळाडू दोन पावले मागे राहिला. “बॉल दबतच नाही,” बाबा म्हणाले. खऱ्या मातीवर गवत चेंडूला किंचित धरते, आणि त्या धरण्याच्या अंदाजावरच पास देणाऱ्याची कला उभी असते. गुडघ्यांचा आणि घोट्यांचा प्रश्न आणखी वेगळा. न्यूयॉर्ककडून खेळत असताना थिएरी ऑन्री हा फ्रान्सचा नामवंत खेळाडू अशा पृष्ठभागावर सहसा उतरत नसे, आणि त्याला पाहण्यासाठी तिकीट काढलेल्या प्रेक्षकांना त्याच्याविनाच सामना पाहावा लागे.

मला खरे दुःख पुढच्या गोष्टीचे आहे. २०२५ च्या क्लब विश्वचषकासाठी याच मैदानावर नैसर्गिक गवत आणून घातले गेले, आणि साउंडर्स त्यावर पॅरिसचा पीएसजी आणि स्पेनचा ॲटलेटिको माद्रिद या नामांकित संघांशी खेळले. २०२६ च्या विश्वचषकाचे सहा सामने मिळाले तेव्हाही फिफाच्या अटीमुळे नैसर्गिक गवताचीच तयारी करावी लागली. म्हणजे गवत घालता येते; पाहुण्यांसाठी ते घातलेही जाते. रोज घरात राहणाऱ्या संघाला मात्र सतरंजीवर बसवले जाते. न्यायाने हेही सांगतो की शेजारच्या पोर्टलंडमध्ये टिंबर्स संघाच्या मैदानावरही कृत्रिम गवतच आहे आणि तेथे सीहॉक्ससारखा कोणी भागीदार नाही, त्यामुळे सगळा दोष भागीदारीच्या माथी मारता येणार नाही. दुसरीकडे सॅन डिएगोच्या नव्या संघाने २०२५ मध्ये विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाबरोबर एकच मैदान वाटून घेतले, आणि तेथे गवत खरे आहे, आसने सुमारे ३५,००० आहेत. तेथील ऊन सिॲटलला मिळणार नाही हे खरे, तरीही भागीदारी आणि खरे गवत एकत्र नांदू शकतात हे त्यातून दिसतेच.

इतर शहरांचा अनुभव पाहिला की सिॲटलचे वेगळेपण उठून दिसते. न्यू इंग्लंड रेव्होल्यूशन हा संघ १९९६ पासून फॉक्सबरोमध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात खेळत आला आहे; बॉस्टनहून तेथे जायला महामार्गाने बरेच अंतर कापावे लागते, आणि अशा ठिकाणी पायी मिरवणूक निघणे शक्यच नाही. कोलंबसचा संघ विद्यापीठाच्या अवाढव्य मैदानातून १९९९ मध्ये स्वतःच्या लहान मैदानात गेला आणि लीगमधले फक्त फुटबॉलसाठी बांधलेले ते पहिले मैदान ठरले. शिकागोचा संघ सोल्जर फील्ड सोडून उपनगरात स्वतःच्या मैदानात गेला, २०२० मध्ये परत आला, आणि आता पुन्हा स्वतःचे घर बांधतो आहे. आपल्याकडे मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर, म्हणजे क्रिकेटच्या गोल मैदानावर, खेळायला लागली आणि दोन हंगामांनी अंधेरीच्या लहान मैदानात आली. गोल मैदानात बसलेल्या प्रेक्षकाला गोलपोस्ट किती दूर वाटतो हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना लुमेन फील्डच्या पहिल्या रांगांची किंमत लगेच कळेल.

एक गोष्ट लवकरच बदलणार आहे आणि तिचा विचार नव्या संघांच्या मालकांनी आजच केला पाहिजे. आतापर्यंत मेजर लीग सॉकरचा हंगाम फेब्रुवारीअखेर सुरू होऊन वर्षाच्या शेवटी संपत असे, त्यामुळे अमेरिकन फुटबॉलशी त्याची गाठ मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडे. २०२७ च्या जुलैपासून लीग युरोपसारखे वेळापत्रक स्वीकारणार आहे : जुलैत सुरुवात, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत सुट्टी, मे महिन्यात शेवट. म्हणजे शरद ऋतूचे सगळे आठवडे दोन्ही खेळांना एकाच वेळी हवे असतील. घरात दोन चुली असल्या तरी पाण्याचा नळ एकच असतो, तशी ही स्थिती होईल. साउंडर्सना सुरुवातीला पॉल ॲलन दोन्ही संघांत भागीदार असल्याचा आणि तिकीटविक्री सीहॉक्सचीच माणसे पाहत असल्याचा फायदा झाला; तारखा ठरवणारे एकाच टेबलाशी बसत होते. ज्या नव्या संघाला हे भाग्य नाही, त्याने भाडेकराराच्या कागदावर आपल्या तारखा, रेघा पुसण्याची जबाबदारी आणि गवताची अट आधी लिहून घ्यावी, मगच सही करावी.

या तीन अटी मान्य होत असतील, मैदान शहरात असेल आणि रुंदी पुरेशी असेल, तर नव्या संघाने पहिली दहा वर्षे खुशाल भागीदारीत काढावीत असे माझे मत आहे. लुमेन फील्डला मी पाचपैकी चार गुण देतो. पाचवा गुण गवतासाठी राखून ठेवला आहे. जाणाऱ्यांनी शक्य तर दक्षिण टोकाच्या जवळची जागा घ्यावी, कारण उत्तरेची बाजू उघडी असल्यामुळे समोर शहराच्या उंच इमारती दिसतात आणि पाठीराख्यांचा घोषही तेथेच सर्वांत दाट असतो. संध्याकाळचे ऊन सोसत नसेल तर पश्चिमेकडची बाजू बरी. बाबांना पुढच्या खेपेला दक्षिणेकडेच बसायचे आहे, आणि तिकिटे काढण्याआधी खाली काय अंथरले आहे ते विचारून ठेव, असे त्यांनी कोल्हापूरहून फोनवर दोनदा बजावले आहे.