‘बुक ऑफ मॉर्मन’ की ‘बुक ऑफ अब्राहम’: इतिहासाच्या कसोटीला आधी कोणता?

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या ग्रंथांवर वाद घालताना बहुतेक जण १८३० च्या ‘बुक ऑफ मॉर्मन’ला हात घालतात. पण स्मिथने ज्यांवरून तो भाषांतरित केल्याचं सांगितलं, ते सोनेरी धातूचे पत्रे तपासायला उपलब्धच नाहीत. मग ग्रंथात येणारे घोडे, पोलाद, गहू कोलंबसाआधीच्या अमेरिकेत कुठून आले, असं विरोधक विचारतात. समर्थक ग्रंथातल्या ‘नाहोम’ या ठिकाणाशी जुळणारं, येमेनमधल्या प्राचीन वेद्यांवर कोरलेलं ‘नहम’ हे टोळीचं नाव पुढे करतात आणि वाद तिथेच घुटमळतो.

‘बुक ऑफ अब्राहम’ आधी घ्यावा. बायबलमधल्या अब्राहमाचं हे लिखाण आपण इजिप्तच्या पपायरसवरून (लव्हाळ्याच्या प्राचीन कागदावरून) भाषांतरित केलं, असं स्मिथचं म्हणणं; आणि इथे मूळ कागद काही अंशी हाताशी आहे. स्मिथने १८३५ मध्ये ममींसोबत घेतलेल्या पपायरसचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडून १९६७ मध्ये मॉर्मन चर्चला मिळाले. त्यातलं, ग्रंथातही छापलेलं पहिलं चित्र पाहा: स्मिथच्या मते वेदीवर बांधलेला अब्राहम, इजिप्ततज्ज्ञांच्या मते अंत्यविधीचा प्रसंग. शेजारचा मजकूर होर नावाच्या पुजाऱ्यासाठी लिहिलेला, अब्राहमाच्या मानल्या जाणाऱ्या काळानंतर हजाराहून अधिक वर्षांनी. तुकड्यांवरची अक्षरं ग्रंथाशी जुळत नाहीत, हे चर्चनेही मान्य केलंय.

समर्थकांची उत्तरं दोन: खरी गुंडाळी हरवली, किंवा पपायरस फक्त साक्षात्काराचं निमित्त होता. पहिलं गुंडाळीच्या लांबीवरून तपासता येतं, दुसरं इतिहासाच्या कक्षेतच येत नाही. समोरचा यातलं कोणतं मांडतोय, ते आधीच विचारून घ्या.