पहिलं जनावर कोणतं घ्यावं: सुरती म्हैस की संकरित गाय?

दांडिया बाजारातल्या फ्लॅटमध्ये बसून गोठा काढायची स्वप्नं पाहणारे आपले मराठी लोक बडोद्यात कमी नाहीत. मीही त्यातलाच एक होतो. पादऱ्याजवळ एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या वाड्यात जागा भाड्याने घेतली आणि दोन्ही प्रकारची जनावरं पाळून पाहिली. जमीन विकत घ्यायच्या फंदात पडलो नाही, कारण गुजरातेत शेतजमीन घ्यायला साधारणपणे आधीच खातेदार शेतकरी असावं लागतं. दूध मंडळीत (गावच्या सहकारी डेअरीत) मात्र भूमिहीन माणसंही दूध भरतात.

मंडळीत दुधाचा भाव फॅटवर ठरतो, नुसत्या लिटरवर नाही. हे डोक्यात बसेपर्यंत तुलना सुरूच करू नका. 7 लिटर देणारी सुरती म्हैस 7 टक्के फॅटने 490 ग्रॅम फॅट देते. 12 लिटर देणारी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय 3.8 टक्क्यांनी देते 456 ग्रॅम. कॅन जवळजवळ दुप्पट भरली तरी फॅट थोडी कमीच. गायीच्या भावात एसएनएफही (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) धरतात, त्याने ती जरा पुढे सरकते. पण दाणही (पेंड-भरड्याचा खुराक) तीच जास्त खाते. आमचा ठोकताळा असा: पोटासाठी दीड किलो, वर म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो आणि गायीला दर अडीच लिटरमागे एक. म्हणजे म्हशीला 5 किलो, गायीला सव्वासहाच्या आसपास. हिरवा चारा आणि कडबा वेगळा.

इथपर्यंत म्हैस जिंकल्यासारखी वाटते. तिचा खरा खर्च भाकड काळात दिसतो. गाय साधारण 280 दिवसांत विते, म्हैस 310 दिवस घेते. त्यात उन्हाळ्यात म्हशीचा माज (फळवायची वेळ) मुका असतो. ओरडत नाही, फारशी खूण दाखवत नाही, आणि तुम्ही शहरात राहून रविवारी चक्कर मारणारे असाल तर तो हमखास हुकतो. एक माज हुकला की 21 दिवस गेले, दोन-तीन हुकले की पावसाळा उजाडतो. तोवर ती उभ्याउभ्या वैरण खाते. म्हणून म्हशी घ्यायच्या तर निदान दोन, आणि दोघींच्या विण्यात पाच-सहा महिन्यांचं अंतर. एक भाकड असताना दुसरीच्या दुधावर दोघींचं दाण निघतं.

म्हैस माणूसही ओळखते. आमची एक म्हैस धार काढणारा बदलला की पान्हाच चोरायची. उत्तरायणाच्या दिवशी तो गडी पतंग उडवायला धाब्यावर, आणि मी खाली बादली घेऊन तिच्या मिनतवाऱ्या करतोय! रेडकू दगावलं तर आणखी पंचाईत. मग कोणीतरी पान्हा सोडवायच्या इंजेक्शनचा सल्ला देतं. त्या वाटेला जाऊ नका. गाय मशीनलाही लवकर सरावते.

पण गाय नाजूक. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की संकरित गाय तोंड उघडून धापा टाकते आणि दूध घटतं. म्हशीलाही ऊन सोसत नाही, पण तिच्या अंगावर दिवसातून दोन-तीनदा पाणी मारलं की ती निवते. (डुंबायला विश्वामित्रीत सोडायचा विचार करू नका, तिथे मगरी आहेत.) गोचीड ताप आणि कासदाह यांचा त्रास मला गायींमध्येच जास्त झाला. 2022 मध्ये लंपी (अंगावर गाठी येणारा त्वचारोग) आला तेव्हाही गुजरातेत मार बसला तो मुख्यतः गोवंशाला.

एक गोष्ट लोक दबक्या आवाजात बोलतात. गुजरातेत गोवंश हत्येवर बंदी आहे, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. कायद्याशी माझं भांडण नाही, पण वहीत ते मांडायलाच हवं: भाकड गायीला आणि गोऱ्ह्याला गिऱ्हाईक मिळत नाही, त्यांना आयुष्यभर पोसायचं किंवा पांजरापोळ शोधायची. म्हातारी म्हैस जाताना चार पैसे देऊन जाते. लिंगनिर्धारित (बहुतेक कालवडीच देणाऱ्या) वीर्याच्या कांड्या वापरल्या तर गोऱ्हे कमी होतात. कांडी महाग पडते, तरी गायवाल्याने ती घ्यावी.

माझं मत विचाराल तर नोकरी सांभाळून, गड्याच्या भरवशावर गोठा चालवायचा असेल तर दोन सुरती म्हशी. ही जात मुळात मही आणि साबरमतीच्या मधल्या पट्ट्यातली, म्हणजे आपल्या दारातलीच. अंगाने बेताची, त्यामुळे जाफराबादी म्हशीसारखा खुराक मागत नाही. गाय घ्यावी ती पहाटे पाचला स्वतः गोठ्यात उभं राहणाऱ्याने, आणि तेही रजको (लसूणघास) किंवा नेपियर गवत बारा महिने मिळत असेल तरच.

काहीही घ्या, दुसऱ्या वेताचं घ्या, आणि संध्याकाळ, सकाळ, संध्याकाळ अशा लागोपाठ तीन धारा समोर बसून मोजा. विकणारा कधीकधी आदली धार काढतच नाही आणि तुम्हाला तुंबलेली कास दाखवतो. मी एकच धार पाहून पैसे मोजले होते. 15 लिटरची म्हणून आणलेली गाय घरी 9 वर आली.