बॅड न्यूज गेमचा रिव्ह्यू : अण्णांना लस टोचली, पण एकाच दंडाला लागली

गेम फुकट आहे, डाऊनलोड करायचा नाही, ब्राउझरमधे उघडतो, लॉगिन-बिगिन काही मागत नाही, फोनवर पण चालतो आणि १५-२० मिनिटात संपतो. इथपर्यंत पाचपैकी पाच. आता बाकीचं सांगते.

बॅड न्यूज नावाचा हा गेम २०१८ ला आला, केंब्रिज युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्राचे लोक आणि ड्रॉग नावाची एक डच टीम यांनी मिळून केलेला. यात तुम्ही हिरो नसता, तुम्ही खोट्या बातम्यांचा कारखाना टाकता. आधी एक चिडका ट्वीट, मग नासासारख्या कुणाच्या तरी नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून तोतया अकाउंट, मग स्वतःची न्यूज साईट, आणि मग पुढे पुढे नुसता धुमाकूळ. एका बाजूला फॉलोअर्सचा आकडा, दुसऱ्या बाजूला विश्वासार्हतेचा मीटर. फारच फेकलंत की मीटर खाली येतो, सभ्यपणा केलात की फॉलोअर्स जागचे हलत नाहीत. सहा बिल्ले मिळवायचे असतात: तोतयेगिरी, भावना भडकवणं, दोन गटांत लावून देणं, कटकारस्थान रचणं, टीका करणाऱ्यालाच बदनाम करणं आणि ट्रोलिंग.

मी हा आणला अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील, एसटीत कंडक्टर होते, २०१६ ला रिटायर झाले आणि तेव्हापासून हातात तिकिटाच्या मशीनऐवजी स्मार्टफोन. रोज सकाळी साडेसहाला फॅमिली ग्रुपवर पहिला फॉरवर्ड त्यांचा, दुसरा आत्याचा, मग दादा चिडून उत्तर देणार, मग आई 'सुप्रभात' टाकून विषय बदलणार. निवडणुकीच्या काळात तर दादा आणि अण्णा एका ताटलीतले पोहे खात एकमेकांना व्हॉट्सॅपवर टोमणे मारत होते, खरंच, समोरासमोर बसून.

गेम इंग्रजीत खेळलो, म्हणजे मी वाचून सांगणार आणि अण्णा बोट दाबणार. एका ठिकाणी एक फॅक्टचेकर तुमची बातमी खोटी आहे म्हणून मागे लागतो. मी विचारलं, "अण्णा, काय करायचं, माफी मागायची का उलट त्यालाच झोडायचं?"

"माफी कशाला? तो कुणाचं खातो ते विचार. आणि तो माणूस आधी कुठं होता ते काढ."

गेमला नेमकं हेच हवं असतं. फॉलोअर्स सर्रकन वर. शेवटी सहाच्या सहा बिल्ले झाले तेव्हा अण्णा खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "सगळी नोकरी एकच बिल्ला छातीवर लावून फिरलो, आज अर्ध्या तासात सहा."

मजा येते हे नक्की. पण गेम मजेसाठी केलेला नाहीये, ही लस आहे असा त्यांचा दावा आहे, आणि रिव्ह्यू त्या दाव्याचा करायला हवा.

लसीची ही आयडिया जुनी आहे, १९६०च्या सुमाराची, विल्यम मॅग्वायर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. त्याने मुद्दाम अशा समजुती निवडल्या ज्यांच्यावर कुणी कधी वादच घालत नाही, उदाहरणार्थ प्रत्येक जेवणानंतर दात घासावेत. अशा समजुतीवर कुणी जोरदार हल्ला केला तर ती चटकन कोसळते, कारण तिचा बचाव करायची वेळ आपल्यावर कधी आलेलीच नसते. पण आधी हल्ल्याचा एक पातळ डोस दिला आणि तो खोडून कसा काढायचा हे दाखवलं, तर पुढचा मोठा हल्ला माणूस जास्त चांगला परतवतो. देवीच्या लसीसारखंच. केंब्रिजवाल्यांनी यात एक बदल केला: एकेका अफवेवर लस देत बसण्यापेक्षा अफवा बनवायच्या युक्त्यांवरच लस द्या, आणि खेळणाऱ्याला त्या स्वतःच्या हाताने करायला लावा. २०१९ ला त्यांनी साधारण १५ हजार खेळाडूंचे आकडे छापले, गेम खेळल्यावर लोकांना बनावट पोस्ट कमी विश्वासार्ह वाटायला लागल्या होत्या.

आता आमच्या घरचे आकडे.

पहिल्याच आठवड्यात अण्णांनी आत्याचा एक फॉरवर्ड पकडला. नेत्याचा जुना फोटो, खाली नवीन तारीख, वर तीन लाल भोंग्यांचे इमोजी. अण्णांनी ग्रुपवर लिहिलं, "हा भावना भडकवण्याचा बिल्ला आहे." मला इतका अभिमान वाटला की मी स्क्रीनशॉट काढून मैत्रिणींना पाठवला. मग लक्षात आलं की तो फोटो अण्णांना न आवडणाऱ्या पक्षाच्या फायद्याचा होता. चारच दिवसांनी त्यांच्या पक्षाचं कौतुक करणारा तसाच, अगदी तसाच फॉरवर्ड त्यांनी स्वतः टाकला, भोंग्यांसकट. मी म्हटलं अण्णा, हा पण बिल्लाच की. तर म्हणे, "ह्यात काय भडकवलंय? ही माहिती आहे." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

आणि हे फक्त अण्णांचंच नाही. २०१९च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन या संशोधक बाईंनी बिहारमधे १,२०० वर लोकांवर प्रयोग केला होता, घरी जाऊन जवळजवळ तासभर खोट्या बातम्या कशा ओळखायच्या ते शिकवलं. एकूण सरासरी काढली तर फरक शून्य. आणि भाजप समर्थक तर आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्यात शिकवणीनंतर उलट कच्चे पडले. (हे वाचून ज्यांना लगेच 'बघा, मी म्हणत होतो' वाटलं आणि ज्यांना लगेच 'ह्या बाई कुणाच्या' वाटलं, दोघांनी एक एक बिल्ला घ्या.) याच गेमची व्हॉट्सॅपवर बेतलेली आवृत्ती केंब्रिजवाल्यांनीच उत्तर भारतात करून बघितली, २०२३ ला निकाल छापला, परिणाम दिसला नाही. आपलीच लस लागू पडली नाही हे त्यांनी छापलं, याचे मात्र वेगळे मार्क.

दुसरा साईड इफेक्ट जास्त त्रासदायक. महिन्याभराने अण्णा कशावरच विश्वास ठेवेनात. सोसायटीच्या ग्रुपवर गुरुवारी दिवसभर पाणी बंद असल्याचा मेसेज आला, अण्णा म्हणाले, "कोणी सही केलीय? शिक्का कुठंय? सोड, फेक आहे." मी ऑफिसात, आई देवळात, एकही बादली भरली नाही. संध्याकाळी बिसलेरीने हातपाय धुतले आम्ही. नंतर वाचनात आलं की २०२३ मधेच दोन संशोधकांनी या गेम्सचे जुने आकडे परत तपासले आणि निष्कर्ष काढला की खरं-खोटं ओळखायची अक्कल वाढलेली दिसत नाही, लोक सरसकट संशयी होतात, खऱ्या बातमीवर पण. आमच्या रिकाम्या बादल्या त्यांच्या ग्राफमधे कुठेतरी बसतील.

गेमची मुख्य चूक मला वाटतं ती ही, की यात खोटं पाठवणारा परका असतो. कुठली तरी साईट, कुठलं तरी अकाउंट. आपल्याकडे खोटं आत्या पाठवते, जिने मला लहानपणी न्हाऊ घातलंय. तिच्या मेसेजवर मी मीटर लावत नाही. अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि मंडळींनी ओहायोतल्या एका काउंटीत तेच तेच मतदार महिनोन्महिने परत परत गाठून विचारलं होतं, तेव्हा रेडिओ-पेपरचा एवढा गाजावाजा असून एका उमेदवाराकडून दुसऱ्याकडे सरळ उडी मारणारे शंभरात जेमतेम आठ निघाले, साधारण निम्म्या लोकांचं मे महिन्यातच ठरलेलं होतं, मतदान नोव्हेंबरात. बाकीच्यांवर पेपरपेक्षा जास्त वजन आसपासच्या माणसांचं पडायचं.

अण्णांचं कधी ठरलं हे मी कधी विचारलंच नव्हतं. वाद घातला होता, पंचवीस वर्षं घातला, पण विचारलं नव्हतं. त्या पाण्याच्या गुरुवारी, वैतागात, विचारलं. तर ते १९७२ वर गेले. दुष्काळ, अण्णा चौदा वर्षांचे, आजोबा खडी फोडायच्या कामावर, दुपारी सुकडी मिळायची ती अर्धी बांधून घरी आणायचे. मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, आजोबांचं नाव येत नव्हतं आणि एका माणसाने, गावातल्या एका कार्यकर्त्याने, मुकादमासमोर उभं राहून ते लिहून घेतलं. बास. तो माणूस ज्या झेंड्याखाली होता तो अण्णांचा झेंडा. त्यानंतर पक्ष फुटला, जुळला, नेते इकडचे तिकडे गेले, जाहीरनामे बदलले, अण्णा त्या मस्टरपाशीच उभे आहेत. ह्याच्यावर मी फॅक्टचेकची लिंक पाठवत होते.

याला जवळचा एक प्रयोग आहे तो सांगून टाकते. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला या दोघांनी २०१६ ला मायामीतला अभ्यास छापला, ट्रान्सजेंडर लोकांबद्दलच्या पूर्वग्रहावर. दारात जाऊन साधारण दहा मिनिटं बोलायचं, पण भाषण ठोकायचं नाही, समोरच्याला त्याच्या आयुष्यात कधी वेगळं म्हणून वागवलं गेलं का ते विचारायचं आणि ऐकायचं. परिणाम निदान तीन महिने टिकला. आणि ह्याच दोघांनी २०१८ ला प्रचाराचे ४९ प्रयोग एकत्र करून बघितले तर मुख्य निवडणुकीत दारोदार प्रचार, फोन, पत्रकं यांनी मत फिरायचं प्रमाण सरासरी शून्याच्या आसपास. म्हणजे निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात आपल्या गल्लीत जो रिक्षाला कर्णा बांधून फिरतो त्याच्यामुळे कुणाचं मत बदलत असेल असं मला तरी वाटत नाही, झोप मात्र मोडते.

गेमवर परत येते. इंग्रजी विनोद बरेच आहेत, भाषांतर करताना निम्मे मरतात. संदर्भ सगळे तिकडचे. त्याच टीमचा २०२० चा हार्मनी स्क्वेअर पण आहे, त्यात अननस महोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या एका शांत गावात तुम्हाला भांडणं लावायला नोकरीवर ठेवतात, राजकारण त्यात जास्त आहे आणि चित्रं पण गोड आहेत. तो अमेरिकन सरकारच्या पाठिंब्याने केलेला आहे, हे मी अण्णांना सांगायला नको होतं. "म्हणजे अफवा कशी ओळखायची हे आपल्याला अमेरिका शिकवणार?" म्हणाले आणि फोन उलटा ठेवला. तो गेम तिथेच संपला.

कुणी खेळावा? आठवी-नववीच्या पोरांनी नक्की, माझ्या भाच्याला प्रचंड आवडला आणि त्याचा अजून कुठला झेंडा ठरलेला नाही. वडिलांना बदलायला म्हणून आणत असाल तर नका आणू, सोबत हसायला म्हणून आणा. पाचपैकी तीन. अर्धा मार्क अण्णांच्या सहा बिल्ल्यांसाठी जास्तीचा.

काल सकाळी साडेसहाला अण्णांनी गेमची लिंक स्वतःहून ग्रुपवर टाकली, खाली लिहिलंय, "सर्वांनी जरूर खेळा. समोरच्या पार्टीचे सगळे डाव कळतात." वर तीन लाल भोंगे.