३१ मार्चला माझे ८६८ युनिट गेले : सूर्यघर योजनेसोबत चौदा महिने

एप्रिलचं बिल आलं तेव्हा मला वाटलं, छपाई चुकली. छतावरच्या सोलरची, आम्ही न वापरता लाईनला दिलेली वीज बिलात शिल्लक म्हणून जमा होते. मार्चच्या बिलात शिल्लक युनिट ८६८. एप्रिलच्या बिलात शिल्लक शून्य. एका रात्रीत. घरात आणलेली साखर मुंग्यांनी नेली तरी ओळ दिसते, इथे तीही नाही.

सूर्यघर म्हणजे घराच्या छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्र सरकारची योजना. तिच्यातून घेतलेली आमची ३ किलोवॅटची सिस्टीम, ५४० वॅटचे सहा पॅनल, डीसीआरचे, म्हणजे भारतीय सेलचे. त्याशिवाय सबसिडी नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. खर्च १ लाख ९८ हजार, सबसिडी ७८ हजार, पदरचे १ लाख २० हजार. त्यासाठी एफडी मोडली. ती मोडताना बँकेतल्या बाईंनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा एक कोटी घरं आणि महिन्याला ३०० युनिट मोफत असं ऐकलं होतं. आमचा सोलरवाला त्याच्या एक पाऊल पुढे. "काका, बिल झीरो येईन, लिहून देतो." लिहून दिलं नाही. झीरो बिल येत नाही. स्थिर आकार दर महिन्याला आहेच, एकशे तीसच्या आसपास, वर वीज शुल्क. एक युनिटही न ओढता दीडशे रुपये भरायचे. हे मी पहिल्या दोन महिन्यांत पचवलं.

योजनेच्या पोर्टलवर अर्ज ऑगस्टमध्ये, पॅनल दिवाळीच्या आधी चढले, नेट मीटर (येणारी आणि जाणारी वीज वेगळी मोजणारा) नोव्हेंबरच्या शेवटी. मधले २७ दिवस छतावर चकचकीत पॅनल आणि इन्व्हर्टर बंद. मी म्हटलं, चालू करा की, ऊन फुकट जातंय. वायरमन हसला. जुना डिजिटल मीटर उलट जाणारी वीजही वापर म्हणूनच मोजू शकतो, आपण द्यायची आणि बिलही आपणच भरायचं. तेव्हा गप्प बसलो. रोज दुपारी वर जाऊन उन्हाकडे बघून खाली यायचो.

डिसेंबर ते मार्च मात्र मजेत गेले. पॅनलनी १३८० युनिट दिले, आम्ही वापरले ५१२. मी जुन्या डायरीत रोज संध्याकाळी सहा वाजता इम्पोर्ट-एक्स्पोर्टचे, म्हणजे लाईनकडून घेतलेल्या आणि लाईनला दिलेल्या विजेचे आकडे लिहायचो. नातवाच्या उंचीच्या खुणा कराव्यात तसा शिल्लक वाढताना बघत होतो. गणित सरळ होतं. आमच्याकडे वऱ्हाडात हिवाळ्यात पंखासुद्धा लागत नाही, एप्रिल-मे-जूनला एसीशिवाय आई झोपू शकत नाही. थंडीत साठवायचं, उन्हाळ्यात खायचं. कुरडया-पापडाची रीत हीच की.

आणि ३१ मार्चला डबा रिकामा.

वीज कंपनीच्या उपविभागाच्या कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या मॅडमनी शांतपणे बिल उलटं केलं. "साहेब, आर्थिक वर्ष संपलं. युनिट संपले नाहीत, त्यांचे पैसे जमा झालेत, हे बघा." खरंच जमा होते. ८६८ युनिटांचे अडीच हजारांच्या आत. म्हणजे युनिटला तीन रुपयेसुद्धा नाहीत. तोच युनिट मी महिन्याला शंभरच्या वर ओढला की वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च) धरून अकरा-बारा रुपयांना. मी म्हटलं, "मॅडम, माझा गहू तीन रुपयांनी घेता आणि मलाच बारा रुपयांनी विकता?" त्या म्हणाल्या, "नियम आम्ही केला नाही." तेही खरं. वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांत तसंच आहे: वर्षभर शिल्लक पुढे जाते, ३१ मार्चला उरलेलं आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतलं जातं आणि १ एप्रिलला पाटी कोरी. सोलरवाल्याला हे माहीत होतं. "कोणी विचारतच नाही काका."

माझं म्हणणं एवढंच की तारीख कोणासाठी ठरवली? ३१ मार्च ही हिशेबनिसांची तारीख आहे. उन्हाची नाही. घरगुती ग्राहकाचं सोलर वर्ष ३० जूनला संपवा, थंडीतले युनिट उन्हाळ्यात खाऊन होतील, तुमचंही फार बिघडणार नाही. यावर मी तीन पानी अर्ज लिहिला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

मे महिन्यात मी जेवताना, फिरताना, लग्नाच्या पंगतीतसुद्धा हाच विषय काढायचो. शेवटी सप्टेंबर संपल्यावर पुण्याहून मुलगी आली, डायरी घेतली आणि लॅपटॉपवर हिशेब मांडला. एप्रिल ते सप्टेंबर आमच्या पॅनलनी १७६० युनिट दिले, वापर २२६०. तूट ५००. ती तूट बहुतेक पहिल्याच, म्हणजे महिन्याला शंभर युनिटांच्या स्वस्त स्लॅबमध्ये बसली, म्हणून तिला मोजलेली किंमत चार हजारांच्या आत. शिल्लक पुढे गेली असती तर हे वाचले असते, पण त्या ५०० युनिटांचे चौदाशे तर मिळालेच आहेत. "बाबा, तुमचं नुकसान वर्षाला सव्वादोन-अडीच हजार. आणि वाचले किती माहितीये? तीस हजारांच्या घरात. मागच्या मे महिन्याचं बिल सात हजारांवर होतं. या मेचं किती आलं?"

एक हजाराच्या आसपास आलं होतं.

मी म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही. ती म्हणाली, "तुम्ही? तुम्ही म्हणताय हे?"

तर पहिला मजकूर मी जूनमध्ये लिहिला होता तो 'घेऊ नका' असा होता. तो काढला. चार वर्षांत पदरचे पैसे वसूल होतात, पॅनलची हमी पंचवीस वर्षांची, घ्याच. फक्त बिल शून्य म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

उरलेल्या गोष्टी झटपट. लाईन गेली की सोलरही जातं. ही ऑन-ग्रिड, म्हणजे लाईनला जोडलेली, बॅटरी नसलेली सिस्टीम आहे, खांबावर काम करणाऱ्या माणसाला उलट्या प्रवाहाचा धक्का बसू नये म्हणून ती आपोआप बंद होते. कारण पटतं. तरी जूनच्या वादळानंतर लख्ख ऊन, छतावर सहा पॅनल आणि खाली आई पुठ्ठ्याने वारा घेतेय हे दृश्य पटत नाही. बॅटरीवाली सिस्टीम बरीच महाग, त्यामुळे पुठ्ठा चालू आहे.

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावर १२ चा ५ टक्के झाला. पूर्ण सिस्टीमवर १३.८ वरून ८.९ टक्के. माझ्या बिलावर साडेआठ हजारांचा फरक पडला असता. घाईचे पैसे गेले. यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं.

सर्व्हिस. ऑक्टोबरमध्ये रोजचे १३ युनिट ११ वर आले. सोलरवाल्याला चार फोन. "मुलगा पाठवतो." मुलगा आला नाही. पाचव्या दिवशी मीच वर गेलो आणि बोट फिरवलं. पॅनलवर पिठासारखी धूळ. वस्तीमागच्या शेतात सोयाबीनचं थ्रेशर चालू होतं, सगळं भूस आमच्या काचेवर. सकाळी सहाला, काच थंड असताना, पाइप आणि मऊ फडकं. दुपारी तापल्या काचेवर गार पाणी मारू नये, तडा जायची भीती. दुसऱ्या दिवशी १३.४. सोलरवाल्याचा फोन त्याच संध्याकाळी आला, "काका, सेटिंग केली मी ऑनलाइन, बघा वाढले का?"

आता खरी गंमत. हा दुसरा हिवाळा. शिल्लक पुन्हा वाढतेय आणि या वेळी मी ती तीन रुपयांना सोडणार नाही. डिसेंबरमध्ये इंडक्शन शेगडी घेतली. दूध, चहा, कुकर, आंघोळीचं पाणी सगळं विजेवर. आमचं सिलिंडर पंचेचाळीस दिवसांत संपायचं, यंदाचं पासष्टाव्या दिवशीही जड आहे. एप्रिल २०२५ मध्ये सिलिंडरला ५० रुपये वाढले तेव्हा जे चिडचिड करत होतो ते थोडं वसूल झालं. हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं, ना पोर्टलने ना सोलरवाल्याने. योजना विजेची, वाचला गॅस.

घरात मात्र पंचाईत. तीस वर्षं मी गीझरचं बटण बंद करत घरभर फिरलो. आता सकाळी उठून विचारतो, "गीझर लावला का?" बायको म्हणाली, "अहो, आधी लावला म्हणून ओरडायचात, आता नाही लावला म्हणून ओरडता. एकदा ठरवा." आईने तर जानेवारीत दोनदा आंघोळ करायला साफ नकार दिला.

काल संध्याकाळपर्यंत शिल्लक २९१. ३१ मार्चला साठ दिवस आहेत. जुना इलेक्ट्रिक तंदूर माळ्यावर आहे, तो उद्या काढतोय.