उपोपोयला दीड तासात उरकू नका

जपानच्या उत्तरेच्या होक्काइदो बेटावर जाणार असाल तर शिराओई गावातलं उपोपोय, म्हणजे तिथल्या मूळच्या आइनू लोकांचं राष्ट्रीय म्युझियम चुकवू नका, 2020 ला सुरू झालंय, पोरोतो तळ्याच्या काठावर, स्टेशनपासून चालत जाता येतं. पाट्यांवर आधी आइनू भाषा मग जपानी, हे जाम आवडलं. झाडाच्या सालीच्या धाग्याचं आत्तुश कापड अगदी काचेला नाक लावून बघितलं, लांबून गोणपाट वाटतं पण कडेची वळणावळणाची नक्षी बघून हलवेना. मुक्कुरी हे त्यांचं वाद्य, म्हणजे बांबूची पट्टी तोंडाशी धरून दोरीला झटके द्यायचे, आपल्या मोरसिंगची बहीणच.

थोडा इतिहास मात्र वाचून जा. मात्सुमाए या जपानी सरदार घराण्यानं आइनूंना सुकवलेल्या सामन माशांच्या बदल्यात द्यायचं तांदळाचं पोतं 2 तो वरून 7-8 शो वर आणलं (ही जपानी मापं, 1 तो म्हणजे 10 शो), म्हंजे निम्म्याहून कमी, मासे मात्र तेवढेच घ्यायचे! 1669 ला आइनूंचा सरदार शाकुशाइन त्यांच्याविरुद्ध उठला तो काय उगाच नाही, आणि त्याला तहाच्या नावाखाली बोलावून दग्यानं मारलं.

आमच्या टूरवाल्यानं मोजून दीड तास दिला, आइनूंच्या गवताच्या घरांकडे तर पळतच गेलो. स्वतः ट्रेननं जा, म्युझियमला पाचपैकी पाच, टूरवाल्याला एक, तोही बसमधल्या एसीसाठी.