नऊ हजार फॉलोअर्स आणि एक हायड्रोटेस्ट

मी पायपिंग डिझाइनमध्ये आहे, १४ वर्षं. बरोड्यात हे सांगितलं की कुणी पुढचं विचारत नाही. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीतच रिफायनरीवाले, मकरपुरा जीआयडीसीवाले आणि कन्सल्टन्सीवाले मिळून पाच-सहा घरं निघतील. या लाइनीत नोकऱ्या ओळखीवर फिरतात, आणि हल्ली ती ओळख लिंक्डइनवर होते. मीही तिथे अधूनमधून लिहायचे. स्प्रिंग सपोर्टची लॉक पिन हायड्रोटेस्टनंतर (म्हणजे पाइपात पाणी भरून, दाब देऊन घेतात त्या चाचणीनंतर) काढायला साइटवर कसे विसरतात, फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने का आवळायचे, असलं काहीतरी. वाचणारे तीस-चाळीसच, पण सगळे कामाचे. कुणी वापीहून शंका विचारायचं, कुणी दहेजहून साइटचा फोटो पाठवायचं. फॉलोअर्स होते अकराशे.

मग दांडिया बाजारात मंडळाच्या कार्यक्रमात मला एक माणूस भेटला. मराठी, तिशीतला, बोलायला गोड. 'पर्सनल ब्रँडिंग' करतो म्हणाला. "ताई, एवढं काम करता तुम्ही, पण दिसता कुठे?" हे नेमकं वर्मी लागलं. त्याच महिन्यात माझ्याहून सहा वर्षांनी ज्युनिअर असलेला एकजण लीड झाला होता. दुसरा कुणी असता तर मी तीन कोटेशनं मागवली असती, जुनी कामं बघितली असती. हा मंडळातला, म्हणून काहीच विचारलं नाही.

ठरलं ते असं: तीन महिने, २४,००० रुपये, अर्धे आधी. शिवाय 'व्हेरिफाइडची टिक' मिळवून द्यायचे ३,००० वेगळे. बिल नाही, कागद नाही. यूपीआयवर नाव उमटलं ते कुठल्याशा तिसऱ्याच बाईचं. "वहिनीचं खातं आहे, ताई." मी बरं म्हटलं. लिंक्डइनवर ते व्हेरिफिकेशन फुकट होतं, डिजिलॉकरमधलं आधार वापरून आपलं आपल्यालाच करता येतं, हे मला खूप नंतर कळलं. मी मात्र आधार कार्डाचा फोटो त्याला व्हॉट्सॲपवर पाठवून बसले होते, अख्खा, नंबरसुद्धा न झाकता.

मग त्याने पासवर्ड मागितला. पोस्ट टाकायला लागेल म्हणाला. ओटीपी आला, तोही सांगितला. व्हेंडरला ड्रॉइंग पाठवण्याआधी रेव्हिजन नंबर तीनदा तपासणारी बाई मी!

दीड महिन्यात फॉलोअर्स नऊ हजारांवर गेले. खोटं कशाला सांगू, मला मजा आली. सकाळी चहा उकळेपर्यंत फोनवर आकडा बघायचा, हा नेमच झाला. पोस्ट इंग्रजीत असायच्या. एक ओळ, मग मोकळी जागा, मग पुन्हा एक ओळ. मुलीने शाळेचा डबा सांडला आणि त्यातून मी टीम सांभाळायला शिकले, अशी एक होती. लेक ती वाचून म्हणाली, "आई, मी कधी डबा सांडला?" खाली शेकड्याने 'व्हेरी इनसाइटफुल'. एका रविवारी दुपारी त्या कॉमेंटवाल्यांची प्रोफाइलं उघडून बघितली. कुणी क्रिप्टो शिकवणारा, कुणी 'सक्सेस कोच', कित्येकांना फोटोच नाही. पाइप कशाशी खातात हे माहीत असलेला एकही नाही. या लोकांचे टेलिग्रामवर गट असतात. एकाने लिंक टाकायची, बाकीच्यांनी न वाचता लाइक ठोकायचं. माझे वापी-दहेजवाले मात्र गप्प झाले होते. खुपलं ते. पण आकडा वाढतच होता, त्यामुळे तिकडे काणाडोळा केला.

तिसऱ्या महिन्यात इथल्याच एका कंपनीत इंटरव्ह्यू होता. समोर स्ट्रेस विभागाचे, म्हणजे पाइपांवरचा ताण तपासणाऱ्या विभागाचे, प्रमुख, साठीला आलेले गुजराती गृहस्थ. त्यांनी आपला फोन माझ्यापुढे सरकवला. त्यावर माझी पोस्ट. "बेन, आ तमे लख्युं छे?"

पोस्टमध्ये लिहिलं होतं की प्रोसेस पायपिंगची हायड्रोटेस्ट डिझाइन प्रेशरच्या १.३ पटीने करायची. पायपिंगचा आमचा कोड, म्हणजे नियमपुस्तक, एएसएमई बी ३१.३, आणि त्यात दीड पट आहे. १.३ हा आकडा प्रेशर व्हेसलचा, म्हणजे दाबाच्या टाक्यांचा, एएसएमईच्याच सेक्शन आठमधला. कुठून तरी उचलताना दोन कोडांची खिचडी झालेली. आमच्याकडचा नवा ट्रेनीसुद्धा हे चुकवत नाही. मी लिहिलं नाही असं म्हणावं तर वर माझाच फोटो, आणि दुसऱ्याकडून लिहून घेतलं म्हणावं तर आणखीच शोभा. "हो सर, चूक आहे," एवढंच म्हटलं. चहा आला, बिस्किटं आली, पुढचे प्रश्न काही आले नाहीत.

दोन हजार लाइक होते त्या पोस्टला. एकानेही चूक दाखवली नव्हती.

घरी येऊन पासवर्ड बदलला, त्याला काम थांबवायला सांगितलं. आणि इथे मी दुसऱ्यांदा फसले. ज्यांनी कुणाला लॉगिन दिलंय त्यांनी एवढं तरी नीट वाचा. सेटिंग्जमध्ये ईमेल पत्त्यांची यादी असते. त्याने तिथे माझ्या पत्त्याखाली स्वतःचा एक पत्ता जोडून ठेवला होता. त्या पत्त्यावरूनही पासवर्ड रीसेट करता येतो. म्हणजे मी नवं कुलूप लावलं आणि त्याची एक किल्ली त्याच्याच खिशात.

तीन आठवड्यांनी एका मुलाचा फोन आला. आमच्या कलाभवनचा, सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेल्या कलाभवनाचं आता विद्यापीठाचं इंजिनिअरिंग कॉलेज झालंय, पण आम्ही अजून कलाभवनच म्हणतो. "मॅडम, रजिस्ट्रेशनचे पैसे भरून दहा दिवस झाले, कॉल लेटर कधी?" माझ्या अकाउंटवरून त्याला मेसेज गेला होता: कतारला शटडाउनच्या (प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या) कामासाठी माणसं हवीत, नोंदणी ४,५०० रुपये. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला असावा लागतो, एवढं तरी बघायचंस, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "तुम्ही कलाभवनच्या, मग काय बघायचं?" यावर मी काय बोलणार?

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार घातली. पलीकडच्याचा पहिला प्रश्न, "पासवर्ड तुम्हीच दिला होता ना?" माझे पैसे मी राजीखुशीने दिलेले. त्या मुलाचे दहा दिवसांत कुठल्या कुठे गेलेले. तासाभरात कळवलं असतं तर खात्यात अडवता आले असते कदाचित. ४,५०० मी त्याला दिले. तो नको म्हणत होता.

मग त्या ब्रँडिंगवाल्याचा ईमेल पत्ता सेटिंग्जमधून काढून टाकला, जिथे जिथे लॉगिन उघडं होतं ते सगळं बंद केलं, टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं. मेसेज गेलेल्या ६१ जणांना एकेक करून फोन केला. पहिल्या दहांना सगळं सांगितलं, पुढे पुढे फक्त "पैसे भरू नका."

तो अजून मंडळात येतो. परवा लांबून नमस्कारही केला.

त्याने लिहिलेल्या पोस्ट उडवल्या, हायड्रोटेस्टची तेवढी ठेवली. तिच्याखाली मराठीत दुरुस्ती लिहिली: दीड पट, चूक माझी. १९ लाइक आले. रात्री वापीवाल्याचा मेसेज, कित्येक दिवसांनी: "मॅडम, दीड पट बरोबर, पण टेंपरेचर करेक्शन धरलं का?"

धरलं नव्हतं.